पळणाऱ्याचा गुडघा, दोन फिजिओ आणि पाच आठवडे

पायपीट
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज अडलं म्हणून लिहितेय.

वय 43, मुक्काम पुणे. तीन वर्षं पळतेय, बहुतेक तळजाईवर, रविवारी कधी सिंहगड रस्त्याला. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. माहीत नसलेल्यांसाठी: साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला जायचं, वळसा घालायचा आणि तोच घाट उतरायचा. म्हणजे साधारण अर्धी शर्यत चढ, अर्धी उतार. शर्यतीला पाच आठवडे उरलेत.

दुखणं उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. सातव्या किलोमीटरला येतं, घड्याळ लावल्यासारखं. चढावर काहीच नाही. उतार लागला की कोणी सुरी फिरवावी तसं. थांबून चालले की गायब, परत पळायला लागले की दोनशे मीटरवर हजर. सूज नाही, गुडघा अडकत नाही, पडले-बिडलेही नव्हते.

पहिला फिजिओ: दहा सिटिंगचं पॅकेज, सहा हजार, आगाऊ. रोज हिरव्या पडद्यामागच्या खाटेवर आडवं व्हायचं, गुडघ्याभोवती चार ओल्या चकत्या, पंधरा मिनिटं मुंग्या. मग थंडगार जेल लावून ते अल्ट्रासाऊंडचं इस्त्रीसारखं फिरवायचं. शेवटी निळी टेप. घरी जाताना छान वाटायचं. रविवारी सातव्या किलोमीटरला परत सुरी.

दुसरी फिजिओ: चाळीस मिनिटं नुसते प्रश्न. मग एका पायावर पायरी उतरायला लावली, मोबाईलवर व्हिडिओ काढला, तीन व्यायाम दिले आणि म्हणाली दोन आठवड्यांनी या. आठशे रुपये. मशीन नाही, शेक नाही, गुडघ्याला हातसुद्धा जेमतेम लावला. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "आठशे रुपये देऊन पायरी उतरून आलीस?"

तर प्रश्न दोन. यातलं खरं फिजिओ कोण? आणि सातारा पळू का नको?

आरामखुर्ची
माझा एक प्रश्न. मागे कोणी लागलं होतं का? नाही ना? मग पळायचं कशाला? देवाने गुडघ्याला मोजून वाट्या दिल्यात, त्या घाटात झिजवायला नाहीत.

घाटवाट
आले काका. पहिल्याच प्रतिसादात आले.

पायपीट, हे अगदी आयटी बँडचं वर्णन आहे. मला दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, फक्त माझा किलोमीटर पाचवा. फोम रोलर घ्या आणि रोज मांडीची बाहेरची बाजू लाटा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

सांधेजोड
मी फिजिओ आहे, म्हणून आधीच सांगते: न बघता निदान करणार नाही. पण काही गोष्टी सर्वसाधारण म्हणून लिहिता येतील.

घाटवाट म्हणतात तसं हे वर्णन आयटी बँडच्या दुखण्याशी जुळतं. खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखालपर्यंत जाणारा हा जाड पट्टा. गुडघा थोडासा, साधारण तीस अंशात, वाकलेला असतो तेव्हा तो हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. उतारावर पाय टेकताना गुडघा नेमका तिथेच जास्त वेळ राहतो, म्हणून उतार दुखतो आणि चढ दुखत नाही. पूर्वी म्हणायचे पट्टा हाडावर घासतो. आता बरेचजण मानतात की पट्ट्याखालच्या चरबीच्या नाजूक थरावर दाब येतो आणि तो चिडतो.

घाटवाट, रोलरचं मात्र पटत नाही. तो पट्टा चामड्यासारखा चिवट असतो, लाटून लांब होत नाही. लाटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, तेवढं खरं. दुखऱ्या जागेवरच रोलर दाबलात तर आधीच चिडलेल्या थराला आणखी डिवचताय.

पायरी का उतरवली, त्याबद्दल. एका पायावर हळू उतरताना खुबा एका बाजूला खचतो का, गुडघा आत झुकतो का, हे दिसतं. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या. एका पायावर पायरी सावकाश उतरता येत नसेल, तर घाटात तीच गोष्ट हजारो वेळा, वेगात आणि अंगाच्या दुप्पट-तिप्पट भाराने करायची असते. यजमानांना सांगा, आठशे रुपये पायरीचे नव्हते, बघण्याचे होते.

आंबेहळद
इतकं इंग्रजी शास्त्र कशाला? आमच्या आजीने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावला की दोन दिवसांत माणूस चालायला लागायचा. आणि मशीनला नावं ठेवू नका. माझ्या वडिलांचा खांदा धरला होता तेव्हा मशीनच्या शेकानेच रात्रीची झोप आली त्यांना.

सांधेजोड
@आंबेहळद, मशीनला नावं ठेवत नाहीये. माझ्याकडेही दोन आहेत. दुखणं थोडा वेळ कमी होतं, आणि त्या वेळात व्यायाम करून घेता आला तर त्याचा उपयोग. वडिलांना झोप लागली हा मोठाच फायदा. पण पळणाऱ्याच्या गुडघ्याला नुसतं मशीन म्हणजे चुलीवर दूध उतू जातंय आणि आपण ओटा पुसतोय.

आता आतली गोष्ट सांगते, माझ्या व्यवसायातले लोक रागावतील. मशीन लावलं नाही तर पेशंट पैसे द्यायला कचरतो. मी सुरुवातीला फक्त तपासून व्यायाम द्यायचे. लोक विचारायचे, "मॅडम, ट्रीटमेंट कधी सुरू करणार?" एक काका तर म्हणाले, शेक नसेल तर निम्मे घ्या. आणि एका वेळी चार खाटांवर चार मशीनं लावली की एका तासात चार पेशंट होतात. चाळीस मिनिटं एकाच माणसाला प्रश्न विचारत बसलं तर भाडं निघत नाही. त्या पडद्याला तुम्ही-आम्ही दोघांनी मिळून धरलंय.

पायपीट
"ट्रीटमेंट कधी सुरू करणार" हे मी दुसऱ्या बाईंना शब्दशः विचारलं होतं. लाज वाटली वाचून.

राईनकाठी
जर्मनीत गंमत वेगळी. इथे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी लागते, बहुतेकदा सहा सेशनची. प्रत्येक सेशन पंधरा ते पंचवीस मिनिटं. सरकारी विमा असेल तर चिठ्ठीमागे दहा युरो आणि खर्चाच्या दहा टक्के आपण भरायचे. स्वस्त आहे, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माझी पोटरी आपोआप बरी झाली. सहाव्या सेशनला फिजिओ म्हणाली, छान सुधारणा आहे. मी म्हटलं, हो, तुमच्या प्रतीक्षायादीचा गुण.

बोनस_पॉइंट
फिजिओ न केल्याने काय होतं ते मी सांगतो.

कबड्डी खेळायचो, उजवा कोपरा. 2019 ला एका चढाईपटूचा घोटा धरला, तो वळला, माझा पाय मॅटला चिकटलेला, गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला, सुकी काडी मोडल्यासारखा. एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारी शीर, तुटली. ऑपरेशन झालं. फिजिओने नऊ महिने सांगितले आणि वर म्हणाला, नऊ महिने झाले म्हणून नाही, चाचण्या पास झालास तर. एका पायावर लांब उडी, दुखऱ्या पायाची चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के. टेपने मांडीचा घेर मोजायचा. मला वाटायचं काय शाळा लावलीय.

पाचव्या महिन्यात पायात काही दुखत नव्हतं. पळत होतो, जिने चढत होतो. शिवजयंतीच्या स्पर्धेला गावच्या संघाला एक माणूस कमी पडला. मी उतरलो. तिसऱ्या चढाईला तोच गुडघा, तोच आवाज.

दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं एसीएलमध्ये नसतं. नवी बसवलेली शीर आत मुरायला वेळ घेते आणि पहिल्या काही महिन्यांत ती उलट कच्चीच असते. दुखत नसल्यामुळेच माणूस फसतो. आता मी फक्त पंच म्हणून जातो. शिट्टीने गुडघा दुखत नाही.

चावडीवरचा
बोनस, वाईट वाटलं. अविनाश साबळेला 2025 च्या जुलैत मोनॅकोला असाच फटका बसला. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, पाण्याच्या उडीला पडला आणि एसीएल गेला. बीडच्या मांडव्याचा पोरगा, 2022 च्या राष्ट्रकुलात रौप्य घेतलेला. त्यालाही ऑपरेशनच करावं लागलं. तो जिवावर पळतो आणि तरी महिनोन्महिने थांबतो, आणि आपण गावच्या ढालीसाठी पाचव्या महिन्यात उतरतो.

आता वातावरण हलकं करायला एक किस्सा. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचे ऑर्थोपेडिक सर्जन. स्वतः पळायचे, टाचेमागची अकिलीस शीर सतत दुखायची. वरिष्ठांना म्हणाले, माझं ऑपरेशन करा. वरिष्ठ म्हणाले, तू रजेवर गेलास तर काम कोण करणार, नाही करत. मग यांनी, असं सांगतात, ठरवलं की शीर तोडूनच टाकू, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, वर वजन घेऊन, दुखलं तरी. रोज. शीर तुटायची राहिली बाजूला, दुखणंच गेलं. 1998 मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला: तीन वेळा पंधरा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हिशेब करा, रोज 180. जगभरचे फिजिओ अजून त्याच पायरीवर उभे आहेत.

तिठा
180?? आमच्या सायबान एवढे येळा टाच उचलली तर पगार तरी वाढतलो.

(सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्याकडे फिजिओला जायचं म्हणजे दीड तासाची एसटी, तिथे वीस मिनिटं शेक आणि परत दीड तास. तीन तास बसून कंबर आखडते ती वेगळीच. त्यामुळे घरी करायचे तीन व्यायाम देणारी बाई आम्हाला देवासारखी. पायपीट, पत्ता नको, पण त्या बाई व्हिडिओ कॉलवर बघतात का, विचारून ठेवा.)

दशांशचिन्ह
@आरामखुर्ची, "पळून गुडघे झिजतात" यावर. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खुब्याचा किंवा गुडघ्याचा झिजेचा संधिवात हौशी पळणाऱ्यांत 3.5 टक्के, न पळणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पळणाऱ्यांत 13.3 टक्के. म्हणजे हौशी मंडळी खुर्चीवाल्यांपेक्षा बरी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यात एक मेख आहे. ज्यांचा गुडघा आधीच वाईट ते पळणं सोडतात आणि आपोआप "न पळणारे" होतात. त्यामुळे पळाल्याने गुडघे मजबूत होतात असं मी म्हणणार नाही. पण "झिजतात" असं छातीठोक तुम्हीही म्हणू नका.

आरामखुर्ची
आकडे कसेही वळतात. माझ्या साडूंनी पस्तीस वर्षं रोज सकाळी पळून दाखवलं. एमआरआय काढला तर गादी फाटलेली. आता बोला.

दशांशचिन्ह
बोलतो. साडूंचं वय पन्नासच्या पुढे असणार. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला पन्नास ते नव्वद वयाच्या जवळजवळ हजार माणसांचे एमआरआय काढले होते, गुडघा दुखतो की नाही हे न पाहता. 2008 ला छापून आलं. 35 टक्के लोकांची गादी फाटलेली निघाली, आणि त्यातल्या 61 टक्क्यांना गेल्या महिन्याभरात काहीच त्रास नव्हता. तुमचाही काढा एमआरआय. खुर्चीवर बसून फाटलेली गादी निघेल कदाचित.

आरामखुर्ची
खुर्चीची की गुडघ्याची?

पुष्करणी
😂 काका फॉर्मात आहेत. मी पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

खाकी_स्वप्न
नमस्कार सर आणि मॅडम. मी धाग्यात मध्येच विचारतोय, माफ करा. पोलीस भरतीची तयारी करतोय, चार महिने झाले. 1600 मीटरला पूर्ण वीस मार्क हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं, माझा टाइम 5:32 आहे. रोज दोन टाइम डांबरी रोडवर पळतो. बूट मागच्या वर्षीच्या भरतीचे आहेत. महिना झाला डाव्या नडगीत दुखतंय. अकॅडमीचे सर म्हणतात नडगी दुखणं म्हणजे पाय तयार होतोय, सगळ्यांचं दुखतं, बर्फ लाव आणि पळ. ग्राउंड (मैदानी चाचणी) कधीही लागेल. काय करू?

सांधेजोड
@खाकी_स्वप्न, बरं झालं विचारलंस. तीन गोष्टी करून इथेच सांग.

एक: नडगीच्या हाडावरून बोट फिरव. वितभर सगळीकडे दुखतं की एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, बोट टेकवलं की जीव जातो?
दोन: रात्री झोपल्यावर ठणकतं का?
तीन: त्या पायावर जागच्या जागी एक उडी मारून बघ. एकच. दुखलं तर दुसरी मारू नकोस.

खाकी_स्वप्न
एकाच जागी आहे मॅडम, गुडघ्यापासून अंदाजे खाली एक वीत. रात्री ठणकतं, हो. उडी मारली, खाली बसलो.

सांधेजोड
पळणं आजपासून बंद. उद्या नाही, आजपासून. आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखव, फिजिओला नाही. हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. एक्स-रे काढतील, तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साफ दिसू शकतो, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला म्हणून परत पळायला लागू नकोस. डॉक्टरांना भरतीचं आणि रात्रीच्या ठणक्याचं आवर्जून सांग, एमआरआयचं विचार. वितभर पसरलेलं दुखणं असतं तर भार कमी करून सांभाळता आलं असतं. नाण्याएवढं दुखणं सांभाळायचं नसतं.

आंबेहळद
बाळा, तोवर लेप तरी लाव.

सांधेजोड
लावू दे. त्याने नुकसान नाही. फक्त लेप लावून पळायला जाऊ नये.

चावडीवरचा
बर्फाचाही एक इतिहास आहे. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र अमेरिकेतल्या गेब मर्किन नावाच्या डॉक्टरांनी 1978 मध्ये पुस्तकात मांडलं. जगभरच्या मैदानांवर तेव्हापासून बर्फ. 2014 साली त्याच डॉक्टरांनी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. स्वतःचं वाक्य छत्तीस वर्षांनी मागे घ्यायला छाती लागते. आपल्याकडे लोक फेसबुकवरचं कालचं मत मागे घेत नाहीत.

आंबेहळद
म्हणजे आजी बरोबर होती.

चावडीवरचा
आजी बर्फाबाबत बरोबर होती. आजीकडे फ्रीज नव्हता.

निवांत
एक शंका. फिजिओला "डॉक्टर" म्हणायचं का? आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या पाटीवर डॉ. आहे.

दशांशचिन्ह
9 सप्टेंबर 2025 ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओंनी डॉ. लावू नये. 10 सप्टेंबरला ते पत्र मागे घेतलं. चोवीस तासांत पाट्या रंगवणाऱ्यांनी काय करायचं?

पुष्करणी
झालं. आता या धाग्याचं काश्मीर होणार.

सांधेजोड
मला ताई म्हणा, चालेल. पाटीवर काय आहे यापेक्षा नोंदणी क्रमांक बघा. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, तिथे नोंदणी लागते. (भौतिकोपचार हा शब्द मी परिषदेच्या कागदाबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.) आणि साडेचार वर्षं शिकून आल्यावर "मसाजवाल्या मॅडम" ऐकायची सवय आहे, तेव्हा डॉ. हा माझा मोठा प्रश्न नाही.

संपादक मंडळ
उपाधीवर वेगळा धागा काढावा. इथे गुडघ्यावर बोलूया.

पायपीट
गुडघ्यावर येते. दोन आठवडे झाले.

तीन व्यायाम असे आहेत: कुशीवर कोपरावर अंग उचलून वरचा पाय वर. एका पायावर पायरी उतरणं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. आणि पायाला रबरी पट्टा लावून आडवं चालणं, खेकड्यासारखं. दिवसाआड. पहिल्या दिवशी एका पायावर सहा पायऱ्या झाल्या आणि मांडी थरथरायला लागली. तीन वर्षं हाफ मॅरेथॉन पळणारी मी, सहा पायऱ्या!

पळणं बंद नाही केलं बाईंनी, याचं आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, सातव्याला दुखतं ना, मग पाचाला थांबा. चढ चालेल, उतार चालत या. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक राहता कामा नये. आणि पावलं लहान करा. मोबाईलवर मोजली तर मिनिटाला 156 पडत होती, 165 करायला सांगितलं. पाच-सहा टक्क्यांचा फरक, पण पहिल्या दिवशी मी चिमणीसारखी पळतेय असं वाटलं. शेजारचे जोशीकाका थांबून बघत होते.

आज सात किलोमीटर सपाट, काही नाही. उतारावर अजून हिंमत नाही.

सातारा तीन आठवड्यांवर. पळू का?

घाटवाट
पळा! चढ तर होणारच आहे. उतार चालत या. मी तसंच केलं होतं.

बोनस_पॉइंट
पळू नका. "चढ तर होणारच आहे" हेच मी शिवजयंतीला म्हणालो होतो.

घाटवाट
बोनस, एसीएल आणि आयटी बँड एकच नाही. तिचं काही तुटलेलं नाही. फार तर दुखेल.

सांधेजोड
यात घाटवाट बरोबर आहेत, हे लिहायला मला जड जातंय कारण रोलरवर आमचं भांडण आहे. आयटी बँडने कायमचं नुकसान होत नाही. पण पाऊस, धुकं, ओला रस्ता, दहा किलोमीटर उतार, आणि आजूबाजूला सगळे सुसाट सुटलेले असताना तुम्ही खरंच चालाल का? हा गुडघ्याचा प्रश्न नाही, स्वभावाचा आहे. तो फिजिओला सोडवता येत नाही. तुमच्या बाईंना विचारा आणि स्वतःला विचारा.

निवांत
वाचनखूण साठवली आहे.

खाकी_स्वप्न
मॅडम, एक्स-रे नॉर्मल आला होता. तुम्ही सांगितलं म्हणून एमआरआय काढला, मामाने पैसे दिले. हाडाला तडा आहे. डॉक्टर म्हणाले सहा ते आठ आठवडे पळायचं नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले आमच्या वेळी एमआरआय नव्हता.

डॉक्टरांनी सायकल आणि पोहायला परवानगी दिली आहे. आमच्याकडे टँक नाही. विहीर आहे.

सांधेजोड
विहीर तर टँकपेक्षा उत्तम. खोल आहे, पाय टेकत नाहीत. ट्यूब किंवा डबा कमरेला बांध, उभा राहा आणि पाण्यात पळ, जमिनीवर पळतोस तसे हात-पाय चालव. हाडावर भार शून्य, दम मात्र लागतो. एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू. वर कोणीतरी माणूस असलाच पाहिजे, एकट्याने उतरायचं नाही.

तिठा
विहिरीत पळणारो पहिलो पोलीस. चोरान विहिरीत उडी मारली तर ह्योच धरतलो.

राईनकाठी
इथे एका क्लबात यालाच फोमचा पट्टा बांधून करतात आणि तासाला बारा युरो घेतात. डब्याची कल्पना विकतो त्यांना.

पायपीट
कालच सातारहून आले. लिहायला उशीर झाला.

नाही पळले. आदल्या आठवड्यात सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतार करून बघितला, दोन किलोमीटर छान, तिसऱ्याला जाणवलं. दहापैकी दोन. बाई म्हणाल्या, चालत उतरणार असाल तर जा. मी रात्रभर विचार केला आणि कबूल केलं की मी चालणार नाही. मला माहितेय मी कशी आहे. सांधेजोड, तुमचं ते स्वभावाचं वाक्य फार लागलं हो.

पण गटातल्या बाकीच्यांसोबत गेले आणि यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर छत्री घेऊन उभी राहिले, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन. धुकं इतकं की माणूस दिसायच्या आधी बुटांचा आवाज यायचा. तासभर ऐकून कळायला लागलं, कोणाची पावलं चटचट पडतात आणि कोण धप्प धप्प ब्रेक मारत उतरतोय. एक बाई आल्या, उजवा गुडघा प्रत्येक पावलाला आत जात होता, चेहरा वेडावाकडा. वळणावर थांबल्या आणि हात नेमका तिथेच नेला, बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, सातव्याला सुरू झालं का? त्या म्हणाल्या, बाराव्याला, पण तुम्हाला कसं कळलं? मी त्यांना संत्र दिलं आणि म्हटलं, चालत जा.

त्या पळत गेल्या.

आता मला हा नवा आजार जडलाय. लग्नकार्यातसुद्धा लोकांच्या चाली बघते. नवरा जिना उतरताना त्याचा डावा खुबा खचतो, त्याला सांगितलं तर म्हणे आठशे रुपये दे मग.

जानेवारीत मुंबई हाफ करायचा विचार आहे. तांदूळ आता आठ किलो झालेत, पायऱ्या पंधरा.

घाटवाट
मुंबईला पेडर रोडचा चढ आहे, आणि चढ म्हटला की उतारही आलाच. एवढं लक्षात ठेवा. बाकी तांदूळ कुठला?

पायपीट
आंबेमोहोर. इंद्रायणी खाऊन संपला.

खाकी_स्वप्न
मॅडम, आठ आठवडे झाले. डॉक्टरांनी परवानगी दिली. काल दोन मिनिटं पळालो, एक मिनिट चाललो, असं पाच वेळा. मातीवर. दुखलं नाही. नवीन बूट मामाने घेतले. विहिरीला अकॅडमीतली अजून तीन पोरं येतात, सगळ्यांच्या नडग्या. सर वर उभे राहून स्टॉपवॉच लावतात.

आरामखुर्ची
शाब्बास रे पोरा.

सांधेजोड ताई, एक विचारायचं होतं, पळण्याचा काही संबंध नाही. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो. दहा पावलं चाललं की कमी. हे कशाने?

पुष्करणी
काका, मागे कोणी लागलं होतं का?

सांधेजोड
😀 तळव्याच्या पट्ट्याचं असेल, पण बघितल्याशिवाय सांगत नाही. तोवर एक करून बघा: पायरीच्या कडेवर उभे राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच सावकाश वर, सावकाश खाली. दिवसाआड.

आरामखुर्ची
आमच्याकडे लिफ्ट आहे.